क्यूब पास की फेल? बिल अडलंय, लवकर सांगा

घोडबंदरी: कासारवडवलीजवळच्या नाल्यावरच्या स्लॅबच्या क्यूबचे (ताकद तपासायला लॅबमध्ये दाबून फोडायचे काँक्रीटचे ठोकळे) निकाल आले. सरासरी 29 न्यूटन/चौ.मिमी. ठेकेदार म्हणतो पास, साहेब म्हणतात तूच ठरव. उद्या आरए बिल (चालू कामाचं बिल) पुढे पाठवायचंय.

जुना_जेई: काँक्रीटचा ग्रेड? क्यूब 7 दिवसांनी फोडले की 28? नुसत्या सरासरीचं काय लोणचं घालायचं? तिन्ही आकडे टाका.

घोडबंदरी: एम-30च (28 दिवसांना 30 ताकद), अजून काय असणार! 28 दिवस. 33.1, 31.6, 22.4.

जुना_जेई: मग पासही नाही आणि फेलही नाही. आयएस 456 (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे प्रत्येक क्यूब सरासरीच्या 15 टक्के आत-बाहेर हवा, म्हणजे 24.7 ते 33.4. 22.4 मुळे तीन क्यूबचा अख्खा नमुनाच बाद. ठेकेदार ‘30 उणे 3’, म्हणजे 27 पर्यंत चालतं, हे दाखवत असेल, पण तो नियम ग्राह्य नमुन्याला. शिवाय लागोपाठच्या चार नमुन्यांची सरासरी किमान 33 लागते. काँक्रीट किती, नमुने किती?

ऐरोलीकर: एवढा काथ्याकूट कशाला? रिबाउंड हॅमर (उसळीवरून ताकद सांगणारा हातोडा) मारा, दहा मिनिटांत निकाल.

टीपीआयवाला: हॅमरवर बिल सोडू नका. तो वरचं कातडंच सांगतो. पृष्ठभाग ओला असला की आकडा पडतो, कार्बोनेट झालेला असला की फुगतो. कमकुवत जागा हुडकायला ठीक. निकाल कोअरचाच, म्हणजे स्लॅबमधून कापून काढलेल्या गोल नळकांडीचा.

ऐरोलीकर: आणि भोकांतून गळलं की?

टीपीआयवाला: नॉन-श्रिंक ग्राउट (न आकसणारा भरायचा मसाला) कशासाठी असतो?

सानपाडा_स्लॅब: टेकू लवकर काढू नका. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) 7 दिवस, पुढे 14.

घोडबंदरी: टेकू कधीच निघाले हो! काँक्रीट 42 घनमीटर, नमुने 2.

जुना_जेई: दोनच? 31 ते 50 घनमीटरला 4 लागतात. खरी गोम इथे आहे. फुटलेला क्यूब लॅबमध्ये असेल तर बघा: चारही बाजूंनी सारखा फुटलाय की एकच कोपरा उडालाय? कोपरा उडाला असेल तर तो तिरका बसला होता किंवा थापीची बाजू (ओतताना वर असलेली) वर ठेवून दाबला. भाराचा वेगही विचारा, 150 मिमीच्या क्यूबला मिनिटाला साधारण 315 किलोन्यूटन.

टीपीआयवाला: रिबार लोकेटरने सळ्या टाळून किमान 3 कोअर घ्या. कोअरची ताकद क्यूबच्या हिशेबात बदलून सरासरी 25.5 हवी, एकही 22.5 च्या खाली नको. तोवर बिलातून फक्त ही स्लॅब वगळा, बाकीची मोजमापं एमबीत (मोजमाप वहीत) चढवा. कोअरचा खर्च कोणाचा ते निविदेत बघा, नाहीतर पुढे तंडत बसाल.

घोडबंदरी: सळ्या 100 मिमीवर आहेत. 100 मिमी व्यासाचा कोअर बसणार कसा?

टीपीआयवाला: हे आधी सांगायचं! 75चा घ्या. व्यास खडीच्या तिप्पट हवा. खडी 20 मिमीचीच ना?