मदत हवी आहे: दुसऱ्याच्या चुकांवर सब्र (संयम) राहावा म्हणून कोणती दुआ?

अस्सलामु अलैकुम. शिलाईच्या दुकानात नवा पोरगा आहे. काजं उलट्या बाजूला पाडतो आणि माझा पारा चढतो. 'अऊजु बिल्लाह' (अल्लाहचा आसरा मागतो) म्हणणं, उभा असेन तर बसणं, वजू (नमाजआधीचं हातपाय-तोंड धुणं), सगळं करून झालं. राग उतरतो, अढी राहते.

'रब्बना अफ़रिग़ अलैना सब्रन' (कुरआन, सूरह बकरा, २५०: 'हे रब, आमच्यावर सब्र ओत') पाठ आहे. पण ती जालूत या बलाढ्य शत्रूसमोर उभ्या सैन्याची दुआ, काजासाठी जरा जास्तच वाटते! सूरह हश्रच्या १०व्या आयतीत मनातला आकस जावा असं मागितलंय, पण ते ईमानवाल्यांबद्दल, आणि पोरगा हिंदू.

त्याला काढायचं नाहीये, हात चांगला आहे. अरबी जेमतेम वाचता येतं. मशीन चालवताना म्हणता येईल अशी छोटी दुआ, देवनागरी उच्चार आणि हदीसच्या (पैगंबरांच्या वचनांच्या) क्रमांकासह, कुणी सांगेल का?