मदत हवी आहे : फाफ्सात दोन वर्षांपूर्वीचा पगार, आणि नोकरी जानेवारीत गेली

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीत आमच्या भागातल्या मराठी कुटुंबांना फाफ्सा, म्हणजे कॉलेजसाठीच्या सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज, भरायला मी काही वर्षांपासून मदत करते. कुणी नेमलेलं नाही, मोबदला नाही. माझ्या थोरल्याच्या वेळी मी एकटीनं चाचपडत हे सगळं शिकले, तेव्हा दुसऱ्या कुणावर ती वेळ येऊ नये एवढंच मनात होतं. बहुतेक प्रश्न आता तोंडपाठ झालेत. आईकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी तिला या अर्जासाठीचं ऑनलाइन खातं उघडता येतं. मूल अमेरिकन नागरिक असेल तर आईवडील कुठल्या व्हिसावर आहेत याने त्याच्या फेडरल मदतीला बाधा येत नाही. टॅक्सची माहिती आयआरएसकडून (अमेरिकेच्या कर खात्याकडून) थेट घ्यायला संमती दिली नाही तर फेडरल मदत मिळतच नाही. पण या वेळी अशा ठिकाणी अडकले आहे की अनुभवी लोकांना विचारल्याशिवाय पुढे जाववत नाही. कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी येत्या फॉलला कॉलेजात जाणार. २०२६-२७ चा फाफ्सा आम्ही ऑक्टोबरमध्ये बसून भरला. त्यात उत्पन्न २०२४ चं धरतात, आणि त्या वर्षी वडिलांची नोकरी छान चालू होती. दोघांचं मिळून १,४८,००० डॉलर. एसएआय, म्हणजे कुटुंबाची ऐपत दाखवणारा फाफ्साचा आकडा (तो जितका कमी तितकी मदत जास्त), आला ३१ हजारांच्या आसपास. जानेवारीत वडिलांचा लेऑफ झाला. आई एका डेकेअरमध्ये अर्धवेळ काम करते. न्यू जर्सीत बेरोजगारी भत्ता जास्तीत जास्त २६ आठवडे मिळतो, म्हणजे कॉलेज सुरू होण्याच्या आधीच तो संपेल.

वडिलांनी दोन महिने घराबाहेर कुणाला सांगितलंच नाही. ऑफर लेटर आलं त्या संध्याकाळी मुलीनं मला फोन केला. ती म्हणाली, "मावशी, इतके पैसे मिळालेत असं दिसतंय, पण बाबा काहीच बोलत नाहीयेत." मी गेले, पत्र पाहिलं आणि कागदावर मांडून दाखवलं.

वर्षाचा खर्च, राहण्याजेवण्यासकट, ३८,००० डॉलर. गुणांवर मिळालेली स्कॉलरशिप ६,०००. मुलीच्या नावावर फेडरल लोन ५,५००, त्यातल्या फक्त १,००० वर शिकत असताना व्याज लागणार नाही. आणि खाली "पेरेंट प्लस", म्हणजे आईवडिलांच्या नावावरचं फेडरल कर्ज, म्हणून २०,०००. हे सगळं एकाखाली एक लिहून तळाला बेरीज केलेली : "तुमची एकूण मदत ३१,५००." यातली खरी मदत ६,००० आहे. बाकी सगळं परत फेडायचं आहे. ही मांडणी बघून मला दर वर्षी तितकाच संताप येतो. पहिल्यांदाच असं पत्र हातात पडलेल्या घराला हे कोण सांगणार?

आणि एवढं करूनही ६,५०० कमी पडतात. १ जुलै २०२६ पासून पेरेंट प्लसला नवी मर्यादा आहे : एका मुलासाठी वर्षाला २०,००० आणि सगळ्या वर्षांचे मिळून ६५,०००. म्हणजे तीन वर्षं पूर्ण घेतलं तर चौथ्या वर्षाला हातात ५,००० उरतात. शिवाय कर्ज देतानाच चार टक्क्यांहून थोडी जास्त फी कापून घेतात. ज्याला नोकरी नाही त्या माणसानं चौपन्नाव्या वर्षी हे कर्ज अंगावर घ्यावं असं मला सांगवत नाही.

कॉलेजच्या एड ऑफिसला (आर्थिक मदतीच्या कार्यालयाला) परिस्थिती बदलल्याचं कळवता येतं आणि ते स्वतःच्या अधिकारात आकडे बदलू शकतात, हे मला माहीत आहे. त्याला प्रोफेशनल जजमेंट म्हणतात. आम्ही मार्चअखेर त्यांच्या पोर्टलवर लेऑफचं पत्र टाकलं. चार दिवसांत छापील उत्तर आलं, "माहिती अपुरी." काय अपुरं आहे ते लिहिलेलं नाही.

माझे प्रश्न :

पत्रात नक्की काय आणि किती लिहायचं? वडिलांना सगळी कहाणी लिहायचीय, मुलीला काहीच लिहायचं नाहीय. वडील मला म्हणाले, "हात पसरल्यासारखं वाटतं." मी त्यांना सांगितलं की कायद्यानेच ही सोय ठेवली आहे, यात उपकार कुणाचेच नाहीत. पण त्यांच्या चेहऱ्यावरून पटल्यासारखं वाटलं नाही.

आजी गावी असतात, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. इकडून दर महिन्याला ६०० डॉलर जातात. फाफ्सात याला रकानाच नाही. आजींना कुटुंबाच्या संख्येत धरता येईल का?

पुण्यात एक फ्लॅट आहे. इथलं राहतं घर फाफ्सात धरत नाहीत, पण तो फ्लॅट गुंतवणूक म्हणून धरावा लागला, कर्ज वजा जाता ९०,००० डॉलर. त्यात वडिलांचे भाऊ राहतात, विकणं शक्य नाही. हे कसं समजावायचं?

आणि १ मे ला कॉलेजातली जागा राखण्याचं डिपॉझिट भरायची मुदत संपते. तोपर्यंत उत्तर नाही आलं तर?

प्रतिसाद १ :

ताई, आमच्याकडे २०२३ मध्ये हेच झालं होतं, म्हणून सविस्तर लिहितो. नुसतं लेऑफचं पत्र पुरत नाही, कारण त्यावरून नोकरी गेली एवढंच कळतं, आता घरात किती येतं ते कळत नाही. त्यांना आकडा लागतो. तोच तुम्ही तयार करून द्या. एका पानावर तक्ता : जानेवारी ते डिसेंबर २०२६, कुठून किती आले आणि किती येतील. वडिलांचा शेवटचा पगार, भत्ता किती आठवडे आणि किती, आईचा पगार. प्रत्येक ओळीला एक कागद जोडायचा. शेवटची पे स्टब (पगाराची पावती), भत्ता मंजूर झाल्याचं पत्र, आईच्या अलीकडच्या पे स्टब्ज, २०२५ चं टॅक्स रिटर्न. सेव्हरन्स (नोकरीवरून काढताना कंपनी देते ती रक्कम) मिळाला असेल तर तोही लिहा, लपवू नका. पे स्टबवर तो दिसतोच आणि मग बाकीच्या कागदांवरचाही विश्वास उडतो.

पत्र अर्ध्या पानाचं. काय झालं, कुठल्या तारखेला, आता उत्पन्न किती, आणि आमची विनंती काय. वडिलांना मन मोकळं करायचं असेल तर ते तुमच्यापाशी करू द्यात. मीही तीन पानं लिहिली होती, बायकोनं ती बाजूला ठेवली आणि आठ ओळी लिहून दिल्या. त्याच गेल्या.

पोर्टलवर टाकून थांबू नका. फोन करून विचारा की उत्पन्न घटल्याची केस कोण बघतं आणि त्यांचा स्वतःचा फॉर्म आहे का. बऱ्याच कॉलेजांचा असतो, आणि तो भरलेला नसला की "अपुरी" असं उत्तर येतं. फोन मुलीनं करावा, वडील शेजारी बसले तरी चालतील. अर्ज तिचा आहे.

एक लक्षात ठेवा, प्रत्येक कॉलेज स्वतंत्र ठरवतं. एकानं मानलं म्हणून दुसरं मानेल असं नाही, आणि त्यांच्या निर्णयावर शिक्षण खात्याकडे दाद मागता येत नाही. म्हणून पहिल्यांदाच नीट पाठवा.

प्रतिसाद २ :

फ्लॅट कुणाच्या नावावर आहे? भावाचं नाव असेल तर थांबा. मालमत्तेत भागीदारी असेल तर फाफ्सात फक्त आपला हिस्सा लिहायचा असतो. संपूर्ण ९०,००० लिहिले असतील तर ती चूक आहे आणि ती दुरुस्त करता येते. त्यासाठी विनवणी कशाला? लॉगिन करून आकडा बदलायचा, पालकांच्या भागातला असल्यामुळे ज्या पालकानं तो भाग भरला त्यानंच.

पालकांच्या मालमत्तेचा जास्तीत जास्त ५.६४ टक्के भाग एसएआयमध्ये जातो. अर्धा हिस्सा कमी झाला तर एसएआय अडीच हजारांनी खाली येईल. फार नाही, पण हक्काचं आहे. मात्र खरेदीखत बघूनच करा, "घरातलं ठरलंय" यावर नको.

प्रतिसाद ३ :

आजींना संख्येत धरता येणार नाही, त्यासाठी त्या तुमच्याकडे राहत असायला हव्यात आणि निम्म्याहून जास्त खर्च तुम्ही करत असायला हवा. पण प्रोफेशनल जजमेंटच्या पत्रात हा खर्च जरूर लिहा. बँकेतून पाठवल्याच्या बारा महिन्यांच्या नोंदी आणि हॉस्पिटलची बिलं, प्रत्येकावर डॉलरमधली रक्कम. मानतीलच असं नाही. आमच्या कॉलेजनं अर्धा मानला.

डिपॉझिटसाठी आजच ईमेल करा. "एड ऑफिसकडे फेरविचार चालू आहे, मुदत वाढवून मिळेल का" एवढंच अॅडमिशन ऑफिसला विचारायचं. ३० एप्रिलला विचारलं तर कुणी ऐकत नाही.

प्रतिसाद ४ :

कडू वाटेल, पण मुलीला दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज (कमी फीचं स्थानिक कॉलेज) आणि मग चार वर्षांच्या कॉलेजात ट्रान्स्फर हा पर्यायही समोर ठेवा. माझा मुलगा त्याच वाटेनं गेला, आणि शेवटी डिग्रीवर नाव चार वर्षांच्या कॉलेजचंच आहे. निर्णय तिचा, पण तिला दोन्ही आकडे दिसू द्या.

धागाकर्ती :

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री त्यांच्या घरी बसलो होतो, लगेच कळवते आहे.

पुण्याहून खरेदीखताचा फोटो मागवला. फ्लॅट दोन्ही भावांच्या नावावर आहे, निम्मा-निम्मा. ऑक्टोबरमध्ये मीच विचारायला हवं होतं, "फ्लॅट आहे का" एवढंच विचारलं आणि पुढे गेले. यापुढे ज्यांना मदत करीन त्यांना मालमत्तेच्या प्रश्नाआधी खत काढून ठेवायला सांगणार आहे. वडिलांनी लॉगिन करून दुरुस्ती केली.

मुलीनं एड ऑफिसला फोन केला. त्यांचा वेगळा फॉर्म खरोखरच आहे, पोर्टलच्या दुसऱ्याच पानावर. फोनवरची बाई चांगली होती, तिनं तो कुठे आहे ते सांगून मुलीला ईमेलही केला. डिपॉझिटची मुदत १५ मे पर्यंत वाढवून मिळाली.

तक्ता करताना वडील स्वतः आकडे सांगत होते, मुलगी लिहीत होती. भत्त्याचा शेवटचा आठवडा कुठल्या महिन्यात येतो ते मोजताना ते थोडा वेळ थांबले. मग मुलीनंच पुढचा महिना मोठ्यानं वाचला आणि दोघं पुढे गेले. कम्युनिटी कॉलेजचा आकडाही बाजूला लिहून ठेवलाय. तिला तो चालतो असं ती म्हणाली, पण आधी हे पत्र जाऊ दे असंही म्हणाली.

एसएआय पुरेसा खाली आला तर व्याज नसलेल्या लोनचा भाग ३,५०० पर्यंत जाऊ शकतो. पेल ग्रँट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांसाठीची परत न फेडायची फेडरल मदत, २०२६-२७ साठी जास्तीत जास्त ७,३९५ आहे, तिथपर्यंत पोचणं मला अवघड वाटतं. म्हणून कॉलेजच्या स्वतःच्या ग्रँटवर जास्त भिस्त ठेवली आहे आणि पत्रात ती वेगळी मागितली आहे.

आता एकच गोष्ट अडली आहे. चार महिन्यांचा सेव्हरन्स फेब्रुवारीत एकरकमी मिळाला. तक्त्यात लिहिला आहे. पण त्यामुळे २०२६ चं उत्पन्न कागदावर बरंच मोठं दिसतं, आणि खरं तर त्यातला बराचसा पैसा घराच्या हप्त्यांत आधीच गेलाय. जानेवारी-डिसेंबरऐवजी कॉलेज सुरू झाल्यापासूनचे पुढचे बारा महिने धरा, अशी विनंती कुणी करून पाहिली आहे का? कॉलेजनं ऐकलं का? शुक्रवारी फॉर्म पाठवायचा आहे, त्याआधी कुणी सांगितलं तर फार मदत होईल.