पहिली हाफ मॅरेथॉन: पाळ्यांची नोकरी आणि सुगी सांभाळून तयारी कशी करावी?

पिरनवाडीकर
सर्वांना नमस्कार. माझे वय 41 असून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी मशीनवर काम करतो. आठवड्यातून तीनदा पाच-सहा किलोमीटर धावण्याची सवय आहे आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारच्या हाफ मॅरेथॉनसाठी नाव नोंदवले आहे. ऑगस्ट संपत आला, म्हणजे हाती सुमारे चौदा आठवडे उरतात. अडचण अशी की सहाव्या किलोमीटरलाच मला इतकी धाप लागते की थांबावे लागते. मग 21 किलोमीटर कसे पार पडायचे? गावात सैन्यभरतीची तयारी करणारी मुले सांगतात की रोज जीव तोडून धावल्याशिवाय दम वाढत नाही. त्यातच दर आठवड्याला पाळी बदलते आणि ऑक्टोबरअखेर घरच्या भाताची सुगी सुरू होते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

टिळकवाडीचा वाचक
आपल्या धापेचे कारण दम कमी असणे हे नसून वेग जास्त असणे हे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. भरतीच्या मुलांना 1600 मीटर साडेपाच मिनिटांच्या आसपास काढायचे असतात आणि त्या कामासाठी त्यांची पद्धत योग्यच आहे. पण आपल्याला 21.0975 किलोमीटर, म्हणजे बहुधा अडीच तास सलग पाय चालवायचे आहेत. त्यासाठी हृदयाची ताकद, स्नायूंमधील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे आणि चरबी जाळून शक्ती मिळवण्याची शरीराची क्षमता वाढावी लागते, आणि ही वाढ मुख्यतः संथ, दीर्घ धावण्याने होते. संथ म्हणजे किती, तर शेजारी धावणाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. बोलताना शब्द तुटू लागले की वेग कमी करावा, गरज पडल्यास मिनिटभर चालावे. त्यात कमीपणा काहीच नाही. किलोमीटरला आठ मिनिटे लागली तरी शर्यत 2 तास 49 मिनिटांत पूर्ण होते, मात्र आयोजकांची वेळमर्यादा किती आहे तेवढे आधी पाहून ठेवावे.

आठवड्यात तीन ते चार दिवस धावणे पुरे. त्यातील एक दिवस लांब पल्ल्याचा ठेवावा आणि तो दर आठवड्याला साधारण एक-दीड किलोमीटरने वाढवावा, दर चौथ्या आठवड्याला मात्र मुद्दाम कमी करावा. या हिशेबाने ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत 12-13 आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत 17-18 किलोमीटर होतील. सरावात पूर्ण 21 धावण्याची गरज नाही. शेवटचे दोन आठवडे अंतर निम्म्यापर्यंत उतरवावे, कारण सरावाने आलेला शीण त्या काळातच भरून निघतो. रात्रपाळीच्या आठवड्यात लांब पल्ला सुटीच्या दिवशी, पुरेशी झोप झाल्यावरच घ्यावा. सुगीतील दिवसभराची कापणी हा स्वतंत्र व्यायाम आहे, म्हणून त्या आठवड्यात एखादे धावणे गाळले तरी बिघडत नाही. गाळलेले अंतर पुढच्या आठवड्यात भरून काढण्याचा हट्ट मात्र करू नये.

लहान अंतरासाठी व्हॅक्सिन डेपोच्या झाडीतील मातीची वाट उत्तम आहे. पाय थोडे तयार झाले की पंधरा दिवसांतून एकदा राजहंसगडाचा चढ घ्यावा, पण उतरताना पावले आखूड टाकावीत, कारण गुडघे चढापेक्षा उतारावर अधिक दुखावतात.

निपाणीची लेक
मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून दुखण्यापुरतेच लिहिते. दादा, चाळिशी ओलांडल्यावर पल्ला वाढवण्यापूर्वी रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी. धावताना छातीत दडपण किंवा चक्कर जाणवली तर त्याच क्षणी थांबून डॉक्टरांकडे जावे. पोटऱ्या, मांड्या भरून येणे स्वाभाविक आहे आणि ते दोन-तीन दिवसांत ओसरते. परंतु नडगीच्या हाडावर बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर ते हाडाला बारीक चीर गेल्याचे लक्षण असू शकते आणि त्यावर मलम चोळून धावत राहणे धोक्याचे आहे. आपण दिवसभर मशीनसमोर उभे असता, त्यामुळे आठवड्यातून दोनदा पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा वर-खाली करण्याचा व्यायाम जरूर करावा. बूट निवडताना अंगठ्यापुढे बोटभर जागा असावी, आणि शर्यतीच्या दिवशी कोरे बूट घालू नयेत.

पिरनवाडीकर
दोघांचेही मनापासून आभार. रक्तदाबाची तपासणी याच आठवड्यात करून घेतो. आणखी एक विचारतो: आमच्याकडे रात्री ज्वारीची भाकरी असते आणि सकाळी मी रिकाम्या पोटी धावतो. लांब पल्ल्यालाही हेच चालेल का, आणि पाणी किती प्यावे?

टिळकवाडीचा वाचक
तासाभराच्या संथ धावण्याला रिकामे पोट चालते. त्यापुढे चालत नाही. लांब पल्ल्याच्या आदल्या रात्री भात-आमटी घ्यावी, कारण भाकरीतील चोथा एरवी कितीही हितकारक असला तरी दोन तासांच्या धावण्यात पोट ढवळू शकतो. पहाटे निघण्यापूर्वी एक केळे खावे. धावताना तासाला 30 ते 60 ग्रॅम पिष्ट किंवा साखर पोटात जावी, आणि मध्यम आकाराच्या केळ्यातून सुमारे 25 ग्रॅम मिळते. खजूर किंवा धावपटूंसाठी बाजारात मिळणारे साखरेचे घट्ट जेलही चालते, पण जे शर्यतीत खायचे ते सरावात आधी खाऊन पाहिलेले असावे. पाणी तहानेप्रमाणे घोट-घोट प्यावे. भरमसाट पाणी प्याल्याने रक्तातील मीठ पातळ होते आणि तेही जिवावर बेतू शकते.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. नोव्हेंबरमध्ये उसाचा हंगाम सुरू झाला की पहाटेच्या अंधारात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. कित्येकांना मागे दिवा नसतो आणि उसाची टोके दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेली असतात. म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारे वाहन दिसेल असे धावावे, चमकणारी पट्टी असलेले जाकीट घालावे आणि कानात काही लावू नये. त्या दिवसांत खानापूर रस्ता टाळून लांब पल्ला कॅम्पातील रस्त्यांवर फेऱ्या मारून पूर्ण केला तर अधिक बरे. रविवारी पहाटे आम्ही चार-पाच जण तिथे संथ गतीने धावतो. पाळी जुळेल तेव्हा आपण अवश्य यावे.