गोल्फचा नवा सात नंबरचा आयर्न खरंच लांब जातो, की फक्त आकडा बदललाय?

जुनीबॅग
परवा मी १९७०च्या दशकातले फोर्ज्ड (घडीव) ब्लेड आयर्न, म्हणजे पातळ धातूच्या डोक्याचे क्लब, घेऊन अठरा होल खेळलो. सोबतचे म्हणाले, "आता यांचा जमाना गेला, नवा सात नंबर दोन क्लब लांब, म्हणजे जुन्या पाच नंबरइतका, जातो." मला हे पटत नाही, म्हणून धागा काढतोय.

दोन्ही सात नंबर शेजारी टेकवून पाहिले. जुन्याचा लॉफ्ट (चेंडूला लागणारी बाजू मागे किती झुकली आहे तो कोन) ३८ अंशांच्या आसपास, नव्याचा २९. जुना पाच नंबर साधारण ३२ अंशांचा. म्हणजे नव्यावर ७ कोरलेलं असलं तरी त्याचा फेस (चेंडूला लागणारी बाजू) जुन्या पाचापेक्षाही उभा आहे, वर शाफ्टही (दांडाही) थोडा लांब. मग चेंडू पुढे पडला यात नवल काय? पिचिंग वेजचंही (जवळच्या, उंच फटक्यांच्या क्लबचंही) तेच. पूर्वी तो ५० अंशांच्या आसपास असायचा, आता अशा सेटमध्ये ४३-४४चा असतो. मग मधली पोकळी भरायला वेगळा गॅप वेज घ्यायचा.

माझं म्हणणं एवढंच: सारख्या लॉफ्टचे क्लब घेऊन नीट मारले, तर जुने आयर्न फारसे मागे नाहीत. आणि ब्लेडवर चेंडू मधोमध बसला की जे हातात उतरतं, ते मला नव्या सेटमध्ये कधी मिळालं नाही.

सरळरेघ
लॉफ्टचा हिशोब बरोबर आहे, निष्कर्ष नाही.

२९ अंशांचा जुना ब्लेड मध्यम वेगाच्या खेळाडूच्या हातात द्या. चेंडू पुरेसा उठणारच नाही. नव्या हेडमध्ये (क्लबच्या डोक्यात) वजन खाली आणि मागे नेलेलं असतं, म्हणून फेस उभा असूनही चेंडू वर चढतो. त्याच हेडला ३८ अंश दिले, तर चेंडू नुसता आकाशात जाऊन आखूड पडेल. लॉफ्ट कमी करण्यामागे हे कारण आहे. तुम्ही त्याला आकड्याची अदलाबदल म्हणता, ते अन्यायाचं आहे.

शिवाय "नीट मारले तर" हे तुमचं वाक्य पुन्हा वाचा. एका फेरीत आपले किती फटके नीट बसतात? ब्लेडचं वजन मध्याजवळ गोळा झालेलं असतं. चेंडू टोकाला लागला की हेड वळतं, हाताला झिणझिण्या येतात आणि चेंडू बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात). कॅव्हिटी बॅकमध्ये (मागून पोकळ हेडच्या आयर्नमध्ये) तेच वजन कडांना वाटलेलं असतं, म्हणून तोच चुकलेला फटका निदान ग्रीनच्या (होलभोवतीच्या आखूड गवताच्या) कडेला पोचतो. माझ्यासारख्याचा स्कोअर चुकलेल्या फटक्यांवरच ठरतो.

ड्रायव्हरबद्दल (सर्वांत लांब फटक्याच्या क्लबबद्दल) तर बोलायलाच नको. पर्सिमन (आपल्या टेंभुर्णीच्या कुळातलं लाकूड) हेड आजच्या ४६० सीसीच्या निम्म्याहूनही लहान. १९९१ साली कॅलवे कंपनीचा बिग बर्था ड्रायव्हर आला, तेव्हा त्याचं १९० सीसीचं हेडसुद्धा लोकांना अवाढव्य वाटलं होतं.

जुनीबॅग
ड्रायव्हरचं मान्य, तिथे वाद घालणार नाही. पण आयर्नचं काम लांब जाणं नव्हे, ठरलेल्या अंतरावर पडून थांबणं आहे. पातळ, उसळत्या फेसवरून चेंडू कमी स्पिन (फिरकी) घेऊन येतो आणि ग्रीनच्या पलीकडे पळतो. हे माझ्या बाबतीत वारंवार झालंय.

हिकरीवाला
सरळरेघ, चांगल्या हातात जुनी साधनं किती करतात तेही बघा. बॉबी जोन्स १९३० साली चारही मोठ्या स्पर्धा हिकरीच्या लाकडी शाफ्टवर जिंकला. बर्नहार्ड लँगरने १९९३ची मास्टर्स स्पर्धा लाकडी ड्रायव्हरने जिंकली, तेही टेलरमेड कंपनीचे धातूचे ड्रायव्हर बाजारात येऊन चौदा वर्षं झाल्यावर.

हिकरीचा शाफ्ट फटक्याच्या वेळी पिळतो, म्हणून घाई करून चालत नाही. लय जमेपर्यंत चेंडू कुठेही जातो. मला ही शिस्त हवीहवीशी वाटते.

सरळरेघ
शिस्तीबद्दल आदर आहे. पण जोन्सच्या वेळी रॉयल अँड एन्शंटने (गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने) स्टीलच्या शाफ्टला परवानगी देऊन जेमतेम वर्ष झालं होतं, आणि १९३१ची यूएस ओपन बिली बर्क स्टीलच्या शाफ्टवर जिंकला. लँगरचा फटका मधोमध बसायचा. आपला बसत नाही, आणि वाद तिथेच आहे.

वाऱ्याविरुद्ध
तुम्ही सगळे चेंडू विसरताय. अमेरिकन पीजीए टूरवर (व्यावसायिकांच्या स्पर्धांत) ड्राइव्हची, म्हणजे ड्रायव्हरच्या फटक्याची, सरासरी १९८०मध्ये २५७ यार्डांच्या आसपास होती, २००३मध्ये सुमारे २८६. या वाढीत मोठं हेड आहे, हलका ग्रॅफाइट शाफ्ट आहे, खेळाडूंचा व्यायाम आहे. आणि २००० सालच्या शेवटी टायटलिस्टचा प्रो व्ही१ चेंडू आला, तेव्हा रबराचा धागा गुंडाळलेले चेंडू बघता बघता टूरवरून गेले. त्या जुन्या चेंडूला ड्रायव्हरवरून इतका स्पिन लागायचा की तो वर चढून तिथेच दम सोडायचा. सगळं श्रेय क्लबला देऊ नका. जुनीबॅग, तुम्हीही जुने ब्लेड आजच्याच चेंडूने मारताय, म्हणजे त्यांची अर्धी उणीव चेंडूने भरून काढलीय.

आणखी एक. जुन्या क्लबची ग्रिप (हातात धरायची मूठ) बदललीत का? दगडासारखी झालेली ग्रिप घेऊन केलेल्या तुलनेला काही अर्थ नाही. मऊ फोर्ज्ड आयर्नचा लॉफ्टही वर्षानुवर्षांच्या वापराने दोन-तीन अंश हलतो.

दोनपट
पटरवर (ग्रीनवर चेंडू होलकडे ढकलायच्या क्लबवर) कुणीच बोललं नाही! पिंग कंपनीचा आन्सर पटर १९६६चा. टाच आणि टोकाला वजन देण्याची त्याची कल्पना आजही दुकानातल्या निम्म्या पटरांत दिसते. सरळरेघ ज्या कॅव्हिटी बॅकचं कौतुक करताय, तीही पिंगच्याच कार्स्टन सोलहाइमच्या विचारातून पुढे आली. मग जुनं आणि नवं यांची रेघ नेमकी कुठे ओढायची?

वेजचं तर उलटंच आहे. धारदार कडांच्या ग्रूव्हवर (फेसवरच्या खाचांवर) २०१०पासून मर्यादा आली. त्याआधीचा न झिजलेला वेज रफमधून (लांब गवतातून) आजच्यापेक्षा जास्त स्पिन देऊ शकतो.

जुनीबॅग
ग्रिप बदललेली आहे, लॉफ्ट मात्र मोजून घेतो. चेंडूचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, तो बरोबर आहे. आता असं करतो: जुना पाच आणि नवा सात, दोघांच्या आकड्यांवर चिकटपट्टी, एकच चेंडू, प्रत्येकी तीस फटके. फेसवर पावडर लावली की चेंडू कुठे बसला तेही कळेल.

सरळरेघ
जरूर करा. फक्त एक विनंती, वाईट फटके वगळू नका. तिसाच्या तीस लिहा, आणि क्लब आलटून पालटून घ्या, नाहीतर दमल्यानंतरचे सगळे फटके एकाच क्लबच्या वाट्याला जातील.