थंडीतली घरकामं आणि शांत होणारं मन – तुमचे अनुभव लिहा

सध्या पहाटे उठायचं म्हणजे अगदी जिवावर येतं. पण एकदा उठून गॅसवर पाणी ठेवलं ना की पुढची पाच-सात मिनिटं माझी सगळ्यात आवडती. बाहेर अंधार, घरातले सगळे गाढ झोपलेले, आणि पातेल्याच्या तळाला आधी बारीक बारीक बुडबुडे धरतात, मग पाणी गुणगुणल्यासारखा आवाज येतो, मग तो आवाज जरा बसतो आणि खळखळ सुरू होते. पूर्वी ह्या वेळात मी मोबाईल बघायचे. एक दिवस फोन चार्ज नव्हता म्हणून नुसतीच वाफेवर हात शेकत उभी राहिले आणि लक्षात आलं की रात्रीपासून डोक्यात ऑफिसचं जे चाललं होतं ते थांबलंय. तेव्हापासून रोज तशीच उभी राहते. नळ सोडला की पाणी, बटण फिरवलं की जाळ, ह्याचं इतकी वर्षं कधी काही वाटलंच नव्हतं. आता वाटतं.

तुमचं आहे का असं थंडीतलं एखादं काम? मोठं काही नको, साधंच लिहा.

*

माझं भांडी घासणं. गेल्या हिवाळ्यात नोकरी गेली, तीनेक महिने घरी होतो. बायको कामावर जायची आणि मी दिवसभर अर्ज पाठवत बसायचो, उत्तर बहुतेक ठिकाणाहून यायचंच नाही. संध्याकाळची भांडी मी घ्यायला लागलो, आधी अपराधी वाटायचं म्हणून आणि मग आवडायला लागलं म्हणून. कोमट पाणी, फेस, आणि धुतलेल्या ताटावरून बोट फिरवल्यावर येतो तो कुईं आवाज. दिवसभरात एवढं एकच काम असायचं जे मी सुरू करायचो आणि पूर्णही व्हायचं.

पुढे वाचलं की ह्यावर खरंच अभ्यास झालाय, फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत, २०१५ साली छापून आला. ५१ विद्यार्थ्यांना भांडी घासायला लावली. काहींना आधी पाण्याच्या उबेकडे, साबणाच्या वासाकडे, हाताला काय लागतंय तिकडे लक्ष द्यायचं असा मजकूर वाचायला दिला, बाकीच्यांना नुसत्या घासायच्या सूचना. लक्ष देऊन घासणाऱ्यांची अस्वस्थता २७ टक्क्यांनी कमी झाली, दुसऱ्यांना तसा काही फायदा दिसला नाही. छोटाच अभ्यास आहे, पण मला माझीच गोष्ट वाचल्यासारखं झालं. नोकरी लागून आता सात महिने झालेत. भांडी अजून माझ्याकडेच आहेत.

*

इस्त्री. लेकीचा शाळेचा शर्ट सगळ्यात शेवटी घेते आणि गरम असतानाच तिच्या अंगात घालते. ती डोळे मिटून घेते. बस, एवढंच.

*

आमच्याकडे आई दोन वर्षं अंथरुणावर होती. थंडीत तिला उन्हात न्यायचं म्हटलं तर उचलणं शक्य नाही, मग पलंगच सरकवायचो. दक्षिणेच्या खिडकीतून ऊन यायचं आणि गंमत म्हणजे उन्हाळ्यात जे ऊन खिडकीच्या चौकटीपाशीच संपायचं ते डिसेंबरात पार समोरच्या कपाटापर्यंत पोचायचं. २१-२२ डिसेंबरच्या सुमाराला दुपारचा सूर्य सगळ्यात खालून जातो, म्हणून किरण तिरपे होऊन खोलीत लांबवर येतात, हे शाळेत शिकलोच होतो पण बघितलं आईच्या पलंगामुळे. सकाळी तो चौकोन दाराकडे, मग हळूहळू सरकत भिंतीकडे, आणि आम्ही त्याच्यामागे पलंग हातभर हातभर ढकलतोय. आई म्हणायची, "आलं बघ, पायावर आलं."

तेवढ्यात तिची रजई गच्चीवर टाकून यायची. वापरून वापरून कापूस दमट होऊन दबतो, ऊन लागलं की ओल जाते, तो मोकळा होतो आणि मधे हवा शिरते, ऊब खरी त्या अडकलेल्या हवेचीच. दुपारी रजई आणून तिच्या अंगावर घातली की ती तिच्यात नाक खुपसायची. आई जाऊन तीन वर्षं झाली. रजई मी अजून उन्हात घालतो, आणि घालताना घाई करत नाही.

*

वरचं वाचून डोळे भरून आले. आम्ही दक्षिण गोलार्धात राहतो, आमच्याकडे हे सगळं जूनमध्ये आणि ऊन उत्तरेच्या खिडकीतून. पण रजईचं डिट्टो.

*

मला जरा वेगळं लिहायचंय, राग मानू नका. माझी बोटं थंडीत आखडतात, हाताला भेगा पडतात, आणि सकाळची सगळी कामं एकटीवरच असताना कोणी शांतता वगैरे म्हटलं की खूप त्रास व्हायचा. कृतज्ञतेच्या नावाखाली बाईनं सगळं गिळून टाकायचं हे मला मान्य नाही. मागच्या थंडीत घरात स्पष्ट बोलले. आता पाण्यातली कामं नवरा करतो, मी घड्या घालणं आणि आवरणं घेतलंय. आणि खरं सांगते, आता घड्या घालताना छान वाटतं. आधी वाटायचं नाही कारण पुढची आठ कामं डोळ्यासमोर नाचत असायची.

*

धागा काढणारी मीच. राग कसला, बरं झालं लिहिलंत. माझी पाच मिनिटं शांत जातात कारण डबे आदल्या रात्री सासरे भरून ठेवतात, हे मी वर लिहायलाच हवं होतं. भेगांसाठी एक, पाणी कडकडीत न घेता कोमट घ्या, फार गरम पाण्यानं त्वचेचं तेल जास्त निघून जातं, आणि हात टिपले की ओलसर असतानाच क्रीम लावा. मला फरक पडला.

*

घड्यांवरून आठवलं. मुलगा सोळा वर्षांचा, खोलीचं दार कायम बंद, विचारलं की हो-नाही एवढंच. एका रात्री वाळलेले कपडे आणले, त्याचा स्वेटर आणि सिंथेटिक टीशर्ट एकात एक अडकलेले, ओढले तर चटचट आवाज. थंडीत हवा कोरडी असते म्हणून कापडावर साचलेला चार्ज निघून जात नाही. तो आवाज ऐकून बाहेर आला, म्हणाला बाबा लाईट बंद करा. केला. अंधारात निळसर बारीक ठिणग्या. मग आम्ही अंधारातच सगळा ढीग एकेक करून सोडवला, आणि सोडवता सोडवता तो आपणहून बोलायला लागला, शाळेतलं, एका मित्राशी बिनसलेलं. मी फक्त कपडे हातात देत होतो.

*

मी एकटा राहतो. थंडीत सकाळी खिडकीच्या काचा आतून ओल्या असतात, त्या पुसणं हे माझं पहिलं काम. काच बाहेरच्या थंडीनं गार पडते आणि खोलीतली वाफ तिच्यावर पाणी होऊन बसते, बंद खोलीत रात्रभर ती वाफ बहुतेक आपल्याच श्वासाची. बायको होती तेव्हा काचा जास्त ओल्या व्हायच्या. ती गेल्यावर पहिल्या थंडीत हे लक्षात आलं आणि फडकं हातात घेऊन किती वेळ उभा होतो कोण जाणे. नंतर मात्र त्या कामाची ओढ लागली. पुसलं की रस्ता दिसतो, मग दहा मिनिटं खिडकी उघडी टाकतो, गार हवा आत येते, बरं वाटतं.

मागच्या आठवड्यात मुलगी, जावई आणि दोन्ही नातवंडं आली होती, थंडी म्हणून सगळे माझ्याच खोलीत झोपले. सकाळी बघतो तर काचांवरून पाण्याचे नुसते ओघळ. दोन फडकी लागली. सावकाश पुसलं, कोणाला उठवलं नाही.