फोर्ट एडवर्डची शेतं, जानेवारीतली दुपार: नेमकं कुठे बघायचं?

गव्हाणी: शनिवारी ऑल्बनीहून (न्यूयॉर्क राज्य) वॉशिंग्टन काउंटीतल्या फोर्ट एडवर्डच्या गवताळ रानाकडे पक्षी बघायला जायचंय, दुपारी १ ते ५. जमिनीवर सहा इंच बर्फ, तापमान उणे १० सेल्सियस. ८×४२ दुर्बीण आहे, स्कोप (एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण) उसना मिळेल. सगळं पांढरंफटक असताना शोधायची सुरुवात कुठून करायची? आणि गाडीतून स्कोप लावला की चित्र थरथरतं, तो भिंगाचा दोष का?

खाटीक_पक्षी: आधी काळे पट्टे शोधा. डेअरीवाले शेतात शेणखत पसरतात, त्यात न पचलेला मका आणि तणाचं बी असतं. हॉर्न्ड लार्क (आपल्या चंडोलाचे भाऊबंद) आणि स्नो बंटिंग तिथेच उतरतात. बर्फ ताजा असेल तर रस्त्याची कडही बघा, बर्फ सारणाऱ्या नांगरगाडीने माती उघडी पडलेली असते. थवा उठला तर जागचे हलू नका, बहुतेकदा फेरी मारून परत तिथेच बसतो. उडताना पंखात पांढरा मोठा ठिगळ दिसला तर बंटिंग. शेपटी काळी आणि तिला पांढरी किनार असेल तर लार्क. त्यातच कोरडा 'टिर्रर्र' ऐकू आला तर लॅपलँड लाँगस्पर, एखाददुसराच असतो.

झाडाच्या अगदी शेंड्याच्या काटकीवर मोठा शिकारी पक्षी बसलेला दिसला तर रफ-लेग्ड हॉकची शंका घ्या. उडताना पंखाच्या मनगटाशी (मधल्या सांध्याशी) काळे डाग, आणि वाऱ्यात एका जागी फडफडत थांबायची सवय.

जुनी_दुर्बीण: भिंग निर्दोष आहे. गाडीतली गरम हवा खिडकीतून बाहेरच्या थंड हवेत मिसळते, तीच थरथर. हीटर बंद, काचा खाली, दहा मिनिटं थांबा. इंजिनही बंद करा, नाहीतर बॉनेटवरून तेच होतं. स्कोपवर ६०× (साठपट मोठं) विसरा, २५-३० पट पुरे. घरी आल्यावर दुर्बीण बंद पिशवीतच ठेवा, तापमान सारखं झाल्यावर काढा, म्हणजे भिंगावर बाष्प धरत नाही. पायाला गरम पाकिटं लावणार असाल तर बूट सैल हवा. ती हवेतल्या ऑक्सिजनवर तापतात, घट्ट बुटात गारच राहतात.

भोवत्या: आखूड कानाच्या घुबडासाठी पावणेचारपासून एका जागी थांबा. सूर्यास्त पावणेपाचच्या आसपास. त्या वेळी हॅरियरही (आपल्याकडचे भोवत्या याच कुळातले) फिरत असतात, गल्लत होते. भोवत्या पंख उथळ 'व्ही'सारखे धरून तरंगतो आणि शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा असतो. घुबड मोठ्या पतंगासारखं, डुचमळत उडतं. हेच घुबड हिवाळ्यात महाराष्ट्राच्या माळांवरही येतं.

बर्फातलं ढेकूळ म्हणजे स्नोई आऊल (पांढरं घुबड) आहे का, ते स्कोप लावून थोडा वेळ बघत राहिल्यावर कळतं: मान फिरते. त्याने ताठ होऊन तुमच्यावर नजर रोखली तर तुम्ही फार जवळ आलात, मागे व्हा. फ्लॅश नको, आमिष म्हणून उंदीर टाकणं तर नकोच. आणि शेतं खासगी आहेत, रस्ता सोडू नका.

खाटीक_पक्षी: गाडीनेही रस्ता सोडू नये. बर्फाच्या कडेखाली चर असतो, दिसत नाही. चाक गेलं की संध्याकाळ ओढगाडीची वाट बघण्यात.