चप्पल कोणी चावली?

भाची इंदूरला वाढली, त्यामुळे तिचं मराठी घरापुरतं. परवा म्हणाली, "कुत्र्याने मला चावलं." आईने लगेच दुरुस्त केलं, "कुत्र्याने नाही गं, कुत्रा चावला." त्यावर ती विचारते, "मग आजोबा सुपारी चावले का?" आई हसली, पण उत्तर काही सुचलं नाही. आजोबांना 'ने' आणि कुत्र्याला नाही, असं का?

—

हिंदीत चबाना वेगळं, काटना वेगळं. आपण दोन्हीला चावणेच म्हणतो, आणि मग फरक प्रयोगाने दाखवतो. आजोबांनी सुपारी चावली, कुत्र्याने हाड चावलं : हा कर्मणी, क्रियापद खाण्याच्या वस्तूमागे जातं. कुत्रा मला चावला, मुंगी चावली, मांजर चावलं : हा कर्तरी, क्रियापद चावणाऱ्याच्या मागे आणि ज्याला चावलं त्याला 'ला'. आता ही दोन वाक्यं बघा. "कुत्र्याने चप्पल चावली" आणि "मला चप्पल चावली." पहिल्यात चप्पल गेली, दुसऱ्यात टाच सोलली. 'चप्पल चावली' हे शब्द मात्र दोन्हीकडे तेच!

'कुत्र्याने चावले' हल्ली बातम्यांतही दिसतं. माझ्या कानाला ते हिंदीच्या 'कुत्ते ने काटा'सारखं वाटतं. 'चावा घेतला' लिहा की, तिथे 'ने' हक्काचा आहे.

—

चपलेला दात कुठे असतात? विंचवाचंही तेच. नांगी शेपटीला, तरी एकनाथांच्या भारुडात विंचू चावतोच, आणि तो विंचू म्हणजे काम-क्रोध. मधमाशीही चावते. म्हणजे या कर्तरी 'चावण्या'त दातांपेक्षा दुखण्याला महत्त्व. सापाच्या बाबतीत आमच्या गावाकडे तेही बोलत नाहीत, 'पान लागलं' म्हणतात. नाव घ्यायचं नाही, क्रियापदही नाही.

—

सुपारीवरून आठवलं : अडकित्त्याने कातरलेली खांडं आमचे आजोबा चावत नसत, चघळत. चघळण्यात दातांना फारसं काम नाही. जिभेने इकडून तिकडे फिरवायचं, रस सुटेल तेवढा घ्यायचा. म्हणून लोकांच्या भानगडी चघळायच्या असतात, चावायच्या नाहीत. रस संपला की उसासारखा चोथा उरतो, त्यावरून 'चावून चोथा झालेला विषय'. संस्कृतवाल्यांचं 'चर्वितचर्वण' म्हणजे जवळपास तेच, फक्त सभेत म्हणता येतं.

रवंथ मात्र निराळा. गाय आधी भराभर गिळते आणि मग सावलीत निवांत बसून तेच परत तोंडात आणते. जुन्या आठवणींचा रवंथ एकट्याने करता येतो. चघळायला समोर कोणीतरी लागतं.

—

आणि जीभ? एखादी गोष्ट बोलून गेल्यावर 'तिने जीभ चावली' म्हणतो. दुखतं तर, पण 'ने' आहेच.

—

कारण तिथे जीभ कर्म आहे. 'ती जिभेला चावली' असं कोणी म्हणत नाही.

—

भाचीला हे सगळं वाचून दाखवलं. तिचा पुढचा प्रश्न : शेजारच्या बाळाने माझं बोट चावलं, की बाळ माझ्या बोटाला चावलं?

—

बाळाला दात आलेत का?

—

खालचे दोन.

—

मग तिलाच विचारा, दुखलं का ते.